फ्लेक्सवरचा माणूस

ज्या देशात माझी बहीण अकरा वर्षं बातमीदारी करत होती, त्या देशाचं नाव मी इथं लिहिणार नाही. ज्या माणसापायी हे सगळं घडलं त्याचंही नाव लिहिणार नाही. आमची नावं, गावं आणि धंदे बदलले आहेत, आणि त्या माणसाच्या शरीरावरची जी खूण पुढं सांगणार आहे तीसुद्धा खरी नाही, तसलीच दुसरी आहे. पूर्वी मी असल्या लपवाछपवीला हसायचो. मनीषाताई फोनवर नुसतं 'आमचा ड्रायव्हर' म्हणायची, तेव्हा मी तिला विचारायचो, ताई, तू बातम्या देतेस की स्मगलिंग करतेस? आता मी हसत नाही.

माझं नाव शेखर धरा. सातपूरला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. नाशकात कुणी बारावी पास झालं, कुणाला कसलं पद मिळालं, कुणी नवी बुलेट घेतली, की चौकात त्याचा बोर्ड लागतो. पाळण्यातल्या पोरांच्या वाढदिवसाला मी दहा बाय वीसचे बोर्ड छापलेत. मग सख्ख्या बहिणीला पत्रकारितेतला जगातला एवढा मोठा पुरस्कार मिळालेला, तिच्या पुस्तकाचं नाव देशोदेशी गाजतंय, आणि मी काय हात बांधून बसणार होतो? आमचं घर मखमलाबादचं, गुलाब-झेंडू पिकवणारं. त्या घरातली मुलगी कुठल्या कुठं पोचली, हे गावाला कळायला नको?

अडचण फोटोची होती. इंटरनेटवर ताईचे फोटो पुष्कळ, पण सगळ्यांत डोक्यावर हेल्मेट, अंगात ते जाड जाकीट आणि तोंड असं की बाई कुणाच्या मयताला आली आहे. हर्षाली माझ्याकडं डिझाइनचं काम करते. ती म्हणाली, "दादा, हा लावला तर लोकांना श्रद्धांजलीचा बोर्ड वाटेल." तिचं बरोबर होतं. म्हणून मी आईचा मोबाइल मागून घेतला.

त्यात एक फोटो होता. चार वर्षांपूर्वी आईनं ताईच्या मागं लकडा लावला होता, की तू कुणाच्या गाडीत हिंडतेस, माणूस कसा आहे, मला एकदा दाखव. शेवटी कंटाळून ताईनं तो पाठवला. मातीच्या भिंतीला टेकून दोघं चहा पिताहेत. त्याच्या डोक्याला पंचा गुंडाळलेला, दाढी वाढलेली, ग्लास ओठाला लावल्यामुळं निम्मं तोंड झाकलेलं. ग्लास धरलेल्या उजव्या हाताला तीनच बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही. आणि ताई हसते आहे, अगदी पोटातून, लहानपणी हसायची तशी. खाली तिनं लिहिलं होतं, 'फक्त तुझ्यासाठी. कुणाला दाखवू नकोस.' ते मी वाचलं होतं. खोटं कशाला बोलू? वाचलं आणि सोडून दिलं. घरचे फोटो पाठवताना माणसं असं लिहितातच, असं मला वाटलं.

हर्षालीनं त्या माणसाला कापून एकट्या ताईचा फोटो करून दाखवला. पण आई तिथंच बसली होती. ती म्हणाली, "त्याला नको काढू. माझ्या पोरीला परमुलखात त्यानं सांभाळलं. त्याला कोन मान देनार? मानलेला भाऊ म्हनून टाक." नाव विचारलं तर तिला ते नीट उच्चारता येईना. दोनदा प्रयत्न करून तिनं नाद सोडला. म्हणून आम्ही त्या देशाचं नाव टाकून नुसतं 'तिकडचे मानलेले बंधू' असं छापलं. खाली नेहमीप्रमाणे शुभेच्छुकांची रांग, गोल गोल फोटो, त्यात सगळ्यांत मोठा खंडेरावचा. खंडेरावला यंदा नगरसेवकाचं तिकीट पाहिजे होतं, आणि ताईचा सत्कारही त्याच्याच मंडळानं ठेवला होता, मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता. सोमवारी सकाळी आठ बोर्ड लागले. दुपारी खंडेरावनं बोर्डाचा फोटो फेसबुकवर चढवला.

मंगळवारी सकाळी ताई मुंबईहून गाडीनं निघाली. दहाच्या सुमारास तिचा फोन आला. ती पाथर्डी फाट्यावर होती. "शेखर, तू दुकानात आहेस ना? तिथून हलू नकोस." मला वाटलं, बोर्ड बघून तिला भरून आलं असेल. मी चहा सांगून ठेवला.

ती आत आली ती खांद्यावरची बॅगसुद्धा न उतरवता. बेचाळीस वर्षांची बाई, केस निम्मे पांढरे झालेले. लहानपणी ताई चिडली की घर डोक्यावर घ्यायची, त्यामुळं तिचा आरडाओरडा मला नवा नाही. त्या दिवशी ती ओरडली नाही, आणि मला तिथंच पहिल्यांदा भीती वाटली.

"किती छापलेस?"

"आठ."

"कुठं कुठं लागलेत?"

मी सांगत गेलो. पाथर्डी फाटा, अंबड, सातपूर, द्वारका, मखमलाबाद नाका. ती तळहातावर पेनानं लिहीत होती.

"इंटरनेटवर?"

"खंडेरावनं टाकलाय. नऊशे लाइक आलेत."

"कधी टाकला?"

"काल दुपारी."

ती स्टुलावर बसली. "तो माणूस अजून तिथंच आहे, शेखर," ती म्हणाली. "शुक्रवारी बायको आणि दोन मुलींना घेऊन तो सीमा ओलांडणार आहे. त्या कागदांसाठी आठ महिने गेले. आज मंगळवार आहे."

पुस्तक कशाबद्दल आहे हे मला वरवर ठाऊक होतं. त्या देशातल्या तुरुंगात मेलेल्या माणसांची यादी सरकारनं दडपली होती. ताईच्या ड्रायव्हरनं ती मिळवली आणि गाडीच्या स्टेपनीत घालून तिच्यापर्यंत पोचवली. यादी छापून आल्यावर जगभर बोंब झाली. तिकडचं सरकार तेव्हापासून हुडकत होतं, की यादी बाहेर काढली कुणी. पुस्तकात ताईनं त्याचं नाव दिलं नव्हतं, गाव बदललं होतं, गाडीचा रंगसुद्धा बदलला होता.

"मग आपणही नाव टाकलं नाही की," मी म्हणालो. "तोंडही अर्धं झाकलेलं आहे."

"पुस्तकाचं पहिलं वाक्य काय आहे?"

 पुस्तक इंग्रजी, आणि मी फक्त मधली फोटोंची पानं चाळली होती. ताईनंच मराठीत सांगितलं. "तीन बोटांच्या हातानं त्यानं मला यादी दिली."

हर्षालीनं स्क्रीनवर फोटो मोठा केला. ग्लास, आणि ग्लासाभोवती तीन बोटं.

"लढाईत बोटं गेलेली माणसं तिकडं हजारांनी आहेत," ताई म्हणाली. "तीन बोटांचा माणूस पाहिजे एवढं त्यांना पुस्तकातून कळलं होतं. माझ्याबरोबर बसलेला तीन बोटांचा माणूस त्यांना कुणी दाखवला नव्हता. तो तू दाखवलास."

 मी गाडीची किल्ली उचलली. आठ बोर्ड म्हणजे दोन-तीन तासांचं काम, मी स्वतः शिडीवर चढणार होतो. तेवढ्यात खंडेरावचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"शेखर, त्या भाईंचं नाव काय रे? परदेशातून कमेंट आलीये आपल्या पोस्टवर. काय लिहिलंय कळत नाही, उजवीकडून डावीकडं लिहितात ते. पोरांनी मोबाइलवर भाषांतर करून बघितलं, नाव विचारताहेत म्हणे."

ताईनं फोन हातात घेतला. "खंडेरावदादा, मी मनीषा. ती कमेंट मला पाठवा."

कमेंट आली. ताईनं वाचली आणि आम्हाला सांगितली. "'या सज्जनांचं नाव कळवावं. आम्हालाही त्यांचा सत्कार करायचा आहे.'"

मशीनचा आवाज चालू होता. हर्षालीनं उठून ते बंद केलं.

"दादा, काही उत्तर देऊ नका," ताई फोनमध्ये म्हणाली.

"दिलं ना ताई. हात जोडलेले टाकले, आणि लिहिलं, संध्याकाळी कार्यक्रमात नाव सांगू, लाइव्ह बघा."

फोन ठेवल्यावर मी दाराकडं निघालो. ताईनं मला दंडाला धरून बसवलं. "बोर्ड उतरवले, पोस्ट काढली, की त्यांची खात्रीच पटली. फोटो त्यांच्याकडं कालच पोचलाय. तो आता पुसता येणार नाही. तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे असं दाखवता आलं, तरच काही होईल."

अकरा वाजून गेले होते. आई घरी औक्षणाचं ताट करून वाट बघत होती. ताई येईना म्हणून ती रिक्षा करून दुकानात आली. ताईनं तिला सगळं सांगितलं, काहीही मऊ न करता. आईनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "पोराला बोलू नको. त्याला टाक म्हनून मीच सांगितलं."

"मला कुणाला बोलायचं नाही, आई."

"बोलशील कशी? तू त्याच्यावर सगळं पुस्तक लिव्हलं, जगभर वाटलं. मी एक फोटो लावला, तर मी चुकले. मला त्याला मान द्यायचा होता. तुला बोटं कशाला लिव्हायची होती?"

ताईला राग येईल म्हणून मी मध्ये पडणार होतो. पण ती आईसमोर लहान मुलीसारखी मान खाली घालून उभी राहिली. "संपादकानं सांगितलं होतं, बोटांचं काढून टाक," ती म्हणाली. "मी काढलं नाही. वाक्य चांगलं झालं होतं म्हणून ठेवलं."

त्या वाक्याचं सगळीकडं कौतुक झालं होतं. पुरस्कार देताना तेच वाचून दाखवलं होतं म्हणे. मला एकाच वेळी तिचा राग आला आणि तिची कीवही आली. दोघं भावंडं सारखीच हौशी निघालो होतो.

आईनं डोळे पुसले. "आपल्या भिमाचीबी दोन बोटं गेली की," ती म्हणाली.

भिमाजी म्हणजे आईच्या बहिणीचा मुलगा, कळवणकडचा. अंबडला एका प्रेस शॉपमध्ये आहे, पत्र्याचे भाग दाबून काढायच्या मशीनवर. सहा वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात मशीनमध्ये सापडला. सातपूर-अंबडला अशी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. ताईनं मला लगेच त्याला फोन लावायला सांगितलं.

भिमाजी पहिली पाळी अर्धी सोडून एक वाजता आला, अंगात कंपनीचा निळा शर्ट. त्याची दाढी होतीच. करंगळी आणि शेजारचं बोट नव्हतं, आणि मधलंही अर्धं गेलेलं. हर्षालीनं त्याच्या हातात ग्लास दिला. ग्लास धरला की मधलं बोट मागं जात होतं, कळत नव्हतं.

"मला काय बोलावं लागंल?" त्यानं विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली. "स्टेजवर यायचं. फोटोतला माणूस मीच, असं कुणी विचारलं तर हो म्हणायचं. त्यांना तिकडं राहणारा माणूस पाहिजे, त्यामुळं तुला धोका नाही असं मला वाटतं. पण खोटं तर बोलावं लागेल, आणि कायमचं."

"तो हाय कोन पन?"

"मनीला ज्यानं सांभाळलं तो," आई म्हणाली.

भिमाजीनं ग्लास खाली ठेवला. "मंग चालंल, मावशी."

हर्षाली म्हणाली, आणखी एक फोटो पाहिजे, त्याच दिवशीचा वाटेल असा. एकाच वेळचे दोन फोटो असले की लोकांचा विश्वास बसतो. दुकानामागं वीटभट्टीच्या मातीनं लिंपलेली एक जुनी भिंत आहे. तिथं भिमाजीला पंचा बांधून बसवलं. पुढचा अर्धा तास मी जे बघितलं ते विसरता येत नाही. खोटा फोटो कसा ओळखायचा, हे ताईनं कुठल्या कुठल्या देशांत जाऊन शिकवलं होतं. तीच आता उन्हात उभी राहून सांगत होती, की सावली डावीकडून पडू दे, ग्लासात चहा अर्धाच ठेव, फोटो जरा हललेला घे, फार चांगला नको. तिचा आवाज अगदी कामाचा होता. एकदाच ती थांबली, भिमाजीच्या डोक्यावरचा पंचा सारखा करताना, आणि तोंड फिरवून उभी राहिली.

माझं काम सोपं होतं. स्टेजवर जाऊन सांगायचं, की फोटो अंबडचा, माणूस आमचा मावसभाऊ, आणि बोर्डाला वजन यावं म्हणून मीच हौसेनं परदेशाचं नाव टाकलं. म्हणजे गाढवपणा कबूल करायचा. तो तर खराच होता.

पाच वाजता सभागृह भरलं. खंडेरावनं मोबाइल स्टँडवर लावून लाइव्ह सुरू केलं होतं. पहिल्या रांगेतून मला स्क्रीन दिसत होती. बघणारे दोनशे चाळीस, आणि त्यांत तीन-चार नावं त्या उलट्या लिपीतली. ती माणसं तिथं बसून आम्हाला बघत होती, एवढ्या लांबून, आमच्या शाली-नारळांसकट. 

मी माइक घेतला आणि ठरल्याप्रमाणे बोललो. लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, शेखर सुधारणार नाही. खंडेराव दात ओठ खात हसला. मग भिमाजी आला, डोक्याला पंचा बांधूनच. त्यानं माइकवर "हां, मीच हाय तो" एवढं म्हटलं. आईनं त्याला शाल पांघरली. पाठीमागच्या पडद्यावर दुपारचा फोटो आला. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

प्रश्न विचारायला योगेश उभा राहिला. तो इथल्या एका वाहिनीचा बातमीदार आहे, गुणी मुलगा, आणि त्या सभागृहात पुस्तक वाचून आलेला बहुतेक तो एकटाच. "ताई," तो म्हणाला, "तुमच्या पुस्तकाचं पहिलंच वाक्य तीन बोटांच्या हाताबद्दल आहे. तो ड्रायव्हर तिकडचा. आणि तुमच्या मावसभावाच्या हातालाही तीनच बोटं. हे कसं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हर्षालीच्याही नाही. ताईच्या आलं होतं की नाही, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

ती उठली. योगायोग आहे, असं तिला म्हणता आलं असतं. लोकांनी मानलंही असतं. पण ऐकणारे नुसते नाशिकचे नव्हते. योगायोग म्हटलं तर तिकडचा तीन बोटांचा माणूस तिकडंच राहत होता, आणि शुक्रवार अजून तीन दिवसांवर होता. ती कॅमेऱ्याकडं बघत उभी राहिली. 

"योगायोग नाही," ती म्हणाली. "तो ड्रायव्हर नव्हताच. यादी खरी आहे, तिच्यातलं एकेक नाव मी तपासलंय. पण ती मला पाकिटातून आली, कुणी पाठवली मला माहीत नाही. पुस्तक वाचावंसं वाटावं म्हणून मी तो माणूस रचला. भिमाजीचा हात डोळ्यांसमोर ठेवून."

 योगेशला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्हणजे पुस्तकात तुम्ही खोटं लिहिलंत?" त्यानं जवळजवळ विनवणी केल्यासारखं विचारलं.

"हो," ताई म्हणाली आणि खाली बसून पाणी प्यायली.

खंडेरावनं धावत जाऊन लाइव्ह बंद केलं, पण त्याच्या आधी त्या लिपीतली एक ओळ आली होती. कार्यक्रम कसाबसा गुंडाळल्यावर ताईनं ती वाचली आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली. मी विचारलं, काय लिहिलंय? ती म्हणाली, "'तुमची लेखिका लबाड आहे.'"

शुक्रवारी तो, त्याची बायको आणि दोन्ही मुली सीमेपलीकडं गेले. शनिवारी सकाळी ताईला निरोप आला. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून रडली, आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मीही रडलो, त्यात लाज कसली.

पण तोवर योगेशची बातमी दिल्लीला गेली होती आणि दिल्लीहून बाहेर. पुरस्कार देणाऱ्यांनी पत्र पाठवून खुलासा मागितला. ताईनं उत्तर लिहिलं, की मी जे सांगितलं तेच खरं. मी तिच्या पाया पडायचा बाकी होतो. "निदान त्यांना तरी गुपचूप खरं सांग," मी म्हणालो. ती म्हणाली, "गुपचूप ठेवलेले कागद बाहेर कसे येतात ते मला विचार. मी जन्मभर तेच केलंय." पुरस्कार परत गेला. प्रकाशकानं पुस्तक दुकानांतून मागं घेतलं. ज्या वर्तमानपत्रासाठी ती गोळ्यांतून फिरली, त्यांनी तिच्या अकरा वर्षांच्या सगळ्या बातम्या पुन्हा तपासायला घेतल्या आणि तसं छापलंही. नाशकात तर विचारूच नका. ज्या चौकात तिचं अभिनंदन लागलं होतं त्या चौकात पानटपरीवर लोक तिची नक्कल करत होते. एकदा माझा हात उठला, भिमाजीनं धरला म्हणून थांबलो. ताई मखमलाबादला आईबरोबर राहू लागली. सकाळी फुलं तोडायची आणि दुपारी दुकानात येऊन प्रुफं तपासायची, लग्नपत्रिकांची आणि वाढदिवसाच्या बोर्डांची.

अशीच एक दुपार. पाच महिने झाले होते. आई दुकानात गुलाबाच्या जुड्या बांधत बसली होती. ताईचा फोन वाजला. तिनं बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. त्याचा मेसेज होता. त्याच्या मोठ्या मुलीनं कुठंतरी सगळं वाचलं होतं आणि बापाला सांगितलं होतं. ताईनं तो मला वाचून दाखवला. 'हे लोक म्हणताहेत मी नाहीच. मी आहे, माझा हात आहे, यादीची मूळ प्रत आहे. सांग, उद्या कॅमेऱ्यासमोर येतो. दोन मिनिटांत सगळ्यांची तोंडं बंद होतील.'

"ताई, हो म्हण," मी म्हणालो. "आता तो सुटलाय. आता काय हरकत आहे? हो म्हण."

तिचे अंगठे स्क्रीनवर तसेच थांबले. तिला किती हो म्हणायचं होतं ते मला दिसत होतं.  मग तिनं चार शब्द टाइप केले आणि उत्तराची वाट बघत बसली. उत्तर लगेच आलं. ते वाचून तिनं आणखी काहीतरी लिहिलं, फोन उपडा ठेवला आणि समोरची पत्रिका ओढून घेतली.

"काय विचारलंस?"

"तिकडं मागं कोण आहे."

"मग?"

"त्याचे वडील आहेत गावात. एकोणऐंशी वर्षांचे. घर सोडायला तयार नाहीत. तो आज कॅमेऱ्यासमोर आला, तर उद्या सकाळी त्यांच्या दारात गाडी उभी राहील." तिनं पत्रिकेतल्या एका नावाखाली रेघ मारली. "मी लिहिलं, वडील आहेत तोवर नाही."

आईला नीट ऐकू आलं नव्हतं. ताईनं तिला पुन्हा सांगितलं, सावकाश. आईनं हातातली जुडी खाली ठेवली, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि म्हणाली, "देवा, त्या म्हाताऱ्याला शंभर वर्सं दे."

आमच्या वाढदिवसाला म्हणते तशीच म्हणाली, मनापासून. ताईनंही मान हलवली.

मी मशीनकडं वळलो. माझ्या तोंडून तसं निघेना, आणि मनात जे आलं होतं ते मी त्या दोघींना कधीही सांगू शकणार नाही.